एका साईजचे हात

राजुरी वेशीवर माझाच फोटो लटकत होता. माझा म्हणजे माझ्या चेहऱ्याचा नव्हे, मी काढलेला. रविवारची सकाळ, दुकानांची शटरं खाली, कमानीवर ऊन तिरपं येतं ती वेळ साधून मी स्कुटी काढली होती, कारण एवढी वर्षं बीडात राहून या वेशीचा एक धड फोटो मला मिळालेला नाही. कधी वाढदिवस आडवा येतो, कधी निवडीबद्दल अभिनंदन, कधी भावपूर्ण श्रद्धांजली. या शहरात कोणी जन्मलं, निवडून आलं किंवा वारलं की पहिला त्रास वेशीला होतो. आज तरी कमान मोकळी असेल म्हणून आले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स, आणि त्यावर माझ्या माहेरच्या गावातल्या गढीची भिंत. काळा घडीव दगड आणि त्यावर चुन्यानं उमटवलेले बायकांच्या हातांचे पंजे, एकावर एक, एकात एक. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात हात जोडून उभा बजरंग, माझा चुलतभाऊ, खडकझरीचा सरपंच. डाव्या कोपऱ्यात त्याचे साहेब. मधे लाल अक्षरं : 'हातांच्या ऐतिहासिक भिंतीचे भव्य सुशोभीकरण, रंगकाम शुभारंभ, आज दुपारी बारा वाजता.' आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत, 'संकल्पना : सौ. सत्यशीलाताई'. आडनावाला जागा उरली नव्हती. खडकझरी इथून चांगली लांब, पार आष्टीच्या पलीकडं, पण बजरंगला यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट हवंय, म्हणून तिथल्या रंगकामाची बातमी बीडच्या वेशीला सांगणं त्याला भाग होतं. मी हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं. रस्ता झाडणारी बाई थांबून बघायला लागली.

परमेश्वरला फोन लावला. परमेश्वर माझा नवरा, फार शांत माणूस, आणि त्याच्या शांतपणाचाच मला कधी कधी संताप येतो. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "नाव आलंय ना तुझं फ्लेक्सवर? मग चिडतेस कशाला?" मी म्हटलं, अरे, ते भिंत रंगवणार आहेत. "सौ. लिहिलंय म्हणजे थोडंफार माझंही आलं," तो म्हणाला, आणि मग माझा श्वास ऐकून जरा भानावर येऊन, "जा तू. आष्टीची गाडी आहे नऊची. स्कुटी तिथंच लाव, मी आणतो," एवढं बोलून त्यानं ठेवलं. बजरंगचा फोन लागत नव्हता. त्याच्या फोनला कॉलर ट्यून म्हणून त्याचं स्वतःचंच भाषण आहे, ते पूर्ण ऐकावं लागतं आणि मग तो उचलत नाही. आईला फोन करून उपयोग नव्हता. आईचा फोन घरात खुंटीला टांगलेला असतो, आणि आई दारात. मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून स्टँडवर गेले आणि गाडीत खिडकीशी बसले.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी जिल्हाभर फिरून जुन्या वेशी, बारवा, दीपमाळा, हातानं रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, माळरानं यांचे फोटो काढते. या कामाचा मला इतका वैताग येतो की मी ते सोडून का देत नाही हे परमेश्वरला अजून कळलेलं नाही, आणि खरं तर मलाही. कॅमेरा डोळ्याला लावला की कुठूनतरी एक माणूस उगवतो आणि बरोबर चौकटीच्या मधोमध उभा राहतो. केस नीट करतो. बाजूला व्हा म्हटलं की विचारतो, "मंग कशाचा काढायलात?" या भिंतीचा, म्हटलं की भिंतीकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि विचारतो कोणतं खातं. रस्ता रुंदीकरण का रेल्वे. गेवराईच्या बाजूला गोदावरीकाठी एका घाटाच्या पायऱ्या टिपत होते, तर दोघांनी मोटरसायकल आडवी घालून फोटो डिलीट करायला लावले, कारण मागं कुठंतरी चोरीच्या वाळूचा टिप्पर आला होता. मला टिप्पर दिसलाही नव्हता. पण हे सगळं परवडलं, माणसं संशयी असतात तोवर बरी. ती खूश झाली की संपलं. घाटनांदूरच्या बाजारातल्या एका कापडदुकानाची पाटी मी काढली होती, निळ्यावर पिवळी सावलीची अक्षरं, कोणा जुन्या पेंटरनं जीव ओतून काढलेली. फोटो प्रिंट करून दुकानदाराला नेऊन दिला. तो बघून ओशाळला. "लई फिकी पडलीय की हो," म्हणाला. पुढच्या वेळी गेले तर पाटीच्या जागी चमकणारा फ्लेक्स, आणि तो मला उत्साहानं म्हणतोय, मॅडम, आता काढा. एका खेड्यात महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ होतं, माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, पोरांनी वर्गणी काढली आणि देवळाला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट दिला, नंदीला पांढरा, नंदीच्या डोळ्यांना पापण्या. एका बारवेला न्हाणीघराच्या टाइल्स बसल्या. लोक मला बोलावून सत्कार करतात. नारळ, शाल. मी टाइल्सकडं बघत शाल घेते. माझी दृष्ट लागते असं मला हल्ली वाटायला लागलंय, आणि हे मी मुलांना मान्सून आणि पर्जन्यछाया शिकवणारी बाई म्हणतेय. जिथं मी कॅमेरा लावते तिथं वर्षाच्या आत रंग लागतो.

म्हणून त्या भिंतीचा फोटो मी कधी कुठं टाकला नव्हता. सगळ्यात जास्त वेळा काढलेली जागा तीच, दर खेपेला, दर उजेडात, आणि ती तेवढी माझ्याजवळ ठेवलेली. पण मागच्या दिवाळीत कळलं की गावाच्या स्वागतकमानीला दगड हवेत आणि बजरंगचा डोळा गढीवर आहे. तेव्हा मी त्याला एक फोटो पाठवला, आणि खाली कळवळून चार ओळी लिहिल्या, की ही भिंत म्हणजे आपल्या गावच्या बायकांचा इतिहास आहे, तिचं जतन झालं पाहिजे. त्यानं हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. मला वाटलं, वाचली भिंत. बजरंगच्या डोक्यात जतन या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडं ज्याच्यावर माया त्याला रंग देतात. देवाला शेंदूर, बैलाच्या शिंगांना हिंगूळ, ट्रॅक्टरच्या मडगार्डला मोर. रंग न दिलेली वस्तू म्हणजे टाकून दिलेली वस्तू.

मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढच्या ट्रकच्या धुराचा वास खिडकीतून आत आला. लहानपणी हा वास म्हणजे आई जाणार. दसरा झाला की गावात ट्रक यायचे आणि अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं, कोणी नगरकडं, कोणी सांगलीकडं, कोणी पार कर्नाटकात, ते पाडव्याच्या आसपास परत. माझी आई बायनाबाई आणि बाप बबनराव यांची जोडी होती, आमच्याकडं नवराबायकोच्या अशा जोडीला एक कोयता म्हणतात. ट्रकमधे आधी भांडी चढायची, मग मोळीभर सरपण, मग शेळी, मग माणसं. चढायच्या आधी प्रत्येक घरची बाई गढीच्या भिंतीपाशी यायची, घमेल्यात कालवलेल्या चुन्यात उजवा हात बुडवायची आणि भिंतीवर ठेवायची. त्याला हात ठेवून जाणं म्हणायचे. मी हितं हात ठेवून चाललेय, म्हणजे परत येऊन तो उचलणार. परत आल्यावर ती आपल्या त्या वर्षीच्या हाताच्या तळव्यात कुंकवाचं बोट लावायची, म्हणजे उचलला. भिंतीवर दगडी छज्जा पुढं आलेला, पाऊस लागत नाही, त्यामुळे कुंकू उडालं तरी चुना राहिला. आता कोणी हात ठेवत नाही. आता स्टेटस ठेवतात.

माझ्या आईबापांनी मला उसाच्या फडावर नेलं नाही. शाळा बुडू नये म्हणून मला आत्याजवळ ठेवलं. भिवराआत्या नवऱ्यामागं माहेरी आलेली, कडक, पण जेवताना माझ्या ताटात आपल्यातली साय टाकणारी. ट्रक गेला की गाव एकदम मोठं वाटायचं. मी शाळेत जाताना आणि येताना त्या भिंतीपाशी थांबायचे. आईचा हात मला ओळखता यायचा, कारण तिच्या उजव्या करंगळीचं टोक कोयत्यानं गेलेलं. त्याआधीच्या वर्षांच्या हातांना पाचही बोटं पूर्ण, नंतरच्यांना साडेचार. मी माझा हात त्या हातावर धरायचे. टेकवायचा नाही, नुसता धरायचा, कारण आत्यानं सांगितलं होतं, हात पुसला तर तुझी माय वाट चुकंल. दगडाचा गारवा तळव्याला लागायचा, आणि दुपारी शाळा सुटल्यावर ऊब. मला वाटायचं, सकाळी आईला थंडी वाजते आणि दुपारी ती घामाघूम असते. हिशेब अगदी बरोबर होता. थंडी वाढायची तसं माझं धैर्यही वाढायचं आणि मी बोट टेकवून बघायचे, बोटाला पांढरी भुकटी लागायची, मग मी घाबरून ते बोट तोंडात घालायचे, म्हणजे आई माझ्या पोटात गेली, हरवली नाही. चुन्यानं जीभ सोलायची. हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं, पण आई परत आल्याचं फारसं आठवत नाही. ट्रक उभा राहिल्याचं आठवतं, पाचटाचा आणि धुराचा वास आठवतो, आणि मग एकदम पुढचा दसरा. मला याचं कधी नवल वाटलं नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या वाटलं, आणि मी ते झटकून टाकलं, कारण बारा वाजायला आले होते आणि ड्रायव्हर पाटोद्याच्या स्टँडवर निवांत चहा पीत होता.

फाट्यावर उतरून काळीपिवळी जीपनं गावात पोचले तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते, पण साहेब आले नव्हते, आणि साहेब आल्याशिवाय आमच्याकडं काहीच सुरू होत नाही. साहेबांच्या उशिराचे मी आयुष्यात प्रथमच आभार मानले. गढीपुढं मांडव, लाल खुर्च्या, खुर्च्यांवर मोजकीच म्हातारी माणसं, कारण तरणी सगळी फडावर. भिंत जागेवर होती. मी आधी ती बघितली, मग श्वास घेतला. पायथ्याशी पांढऱ्या रंगाची बादली, मोठे ब्रश, आणि आष्टीहून आणलेला पेंटर लखन उकिडवा बसून पत्र्याच्या एका तुकड्याची धार कानशीनं घासत होता. पत्र्यात पंजा कापलेला होता. मोठा, बोटं फाकवलेला. "हे काय हो?" मी विचारलं. लखन म्हणाला, "छाप हाय, ताई. आधी पांढरा मारायचा, मंग ह्यानं हात काढायचे. गुलाबी, हिरवा, पिवळा. लाइनीत." मी म्हटलं, पंजा कोणाचा? "सरपंचाचा. मापाला त्यांचाच घेतला."

एवढ्यात बजरंग आलाच, कडक पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध, आणि मला बघून त्याचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला. त्याचा हा खरेपणाच मला सहन होत नाही. तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं होतं. "अक्का, आलीस! मी म्हणलोच व्हतो, अक्का आल्याबिगर राहणार न्हाई. बघितलास का फ्लेक्स? बीडात लावलाय." मी म्हटलं, बजरंग, हे थांबव. त्याला ऐकूच आलं नाही, म्हणजे कळलंच नाही. मी परत म्हटलं. "थांबव म्हंजे?" तो म्हणाला. "तूच तर लिव्हलंस, जतन करा. आता जतन म्हंजे काय, असंच पडू द्यायचं व्हय? पुसट झालेत सगळे, येकात येक गेलेत, कोणाचा कोणता कळत न्हाई. लखन काढणार ते कसे, येका साईजचे. दोनशे वर्सं हलणार न्हाईत, अ‍ॅपेक्सचा रंग हाय." मी म्हटलं, अरे, तो हात तुझा आहे. तू कधी ऊस तोडायला गेलास? "मी कावून जाऊ?" तो म्हणाला. "मी मुकादमाचा पोरगा." त्याचा बाप, माझा चुलता, ट्रक भरून माणसं फडावर धाडायचा, आणि हे त्यानं अगदी सरळ सांगितलं. मी मग बोलतच सुटले. हात उंचावरचे म्हणजे उंच बायकांचे, खालचे म्हणजे बुटक्यांचे, त्या कोपऱ्यातला लहानसा म्हणजे लग्न होऊन पहिल्यांदाच निघालेल्या पोरीचा, हे सगळं तू पुसणार आणि त्यावर आपला पंजा छापणार, रांगेत, गुलाबी. माझा आवाज चढला. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं इकडं वळून बसली. बजरंग गोंधळला, कानामागं खाजवलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघ अक्का, तू म्हणशील तसं करू. हात न्हाई काढायचे, न्हाई काढत. मपलं काय जातंय. पर भिंत रंगव म्हणून मला पयल्यांदा तू न्हाई म्हणलीस. काकू म्हणली. तू लिव्हायच्या आधी दोन वर्सं मपल्या मागं लागलीय ती. तिला इचार, अन् ती न्हाई म्हणली तर मी बादल्या वापस पाठवतो." त्याचा फोन वाजला, साहेब फाट्यावर आले होते. तो मोटरसायकलवर टांग टाकत लखनला म्हणाला, "ताई सांगतील तसं कर," आणि गेला.

काकू म्हणजे माझी आई. आमचं घर गढीच्या बरोबर समोर, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. आई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती, एवढा सगळा गोंधळ हाताच्या अंतरावर चालू असताना. मला बघून म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, आई, भिंत रंगव म्हणून बजरंगला तू सांगितलंस? गावात आले की माझी जीभ आपोआप वळते. "व्हय," ती म्हणाली.

"कावून?"

"कावून म्हंजे? घराम्होरं घाण कशाला पायजे."

"घाण? तुझेच हात हायत ते."

"मपलेच हायत म्हनून म्हणले."

मी तिच्या शेजारी बसले. कॅमेरा मांडीवर घेतला. मला तिला समजावायचं होतं, आणि समजावायची माझी शाळेतली एक पट्टी आहे, ती लावून मी बोलायला लागले. की असं कुठंच नाही. की एवढ्या बायका गेल्या आणि आल्या त्याची दुसरी कुठलीच खूण कोणी ठेवलेली नाही. की पुण्यात एक जण या फोटोंचं प्रदर्शन करायला तयार आहे आणि मी इतके दिवस हो म्हटलेलं नाही. की तुझे सगळे हात मी वर्षांच्या क्रमानं लावले आहेत, पाच बोटांचे आधी, साडेचार बोटांचे नंतर. हे शेवटचं मी जरा अभिमानानंच सांगितलं. आई लसूण सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "तू येतीस, ते गळ्यातलं डोळ्याला लावतीस अन् जातीस. मी हितं ऱ्हाती. दार उघडलं की म्होरं तेच. क्रम मला नगं सांगू, क्रम मला पाठ हाय. त्यो वरचा हाय ना, त्या साली तुझा बाप उसाची मोळी घेऊन पडला. त्याच्या बगलंतला, त्या साली फडावर पाचटाच्या कोपीत पोर झालं अन् गेलं, तुला ठावं बी न्हाई. अन् बोट म्हणलीस ते. रोज चूळ भरताना मपलं बोट मला भिंतीवर दिसतंय. हाताला न्हाई, भिंतीवर हाय. मला न्हाई बघायचं."

त्या पोराबद्दल मला खरंच ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडं बघितलं, आणि कुठला हात, ते शोधायला लागले, आणि शोधता शोधता माझी मलाच शिसारी आली, कारण मनात मी त्या हाताचा फोटो वेगळा काढत होते. तरीही मी सोडायला तयार नव्हते. राग येत होता, तिचा. एवढी मोठी गोष्ट जवळ असून तिला तिची किंमत नाही, असं मला अजूनही वाटत होतं, आणि असं वाटून घेणं चुकतंय हेही कळत होतं, आणि या दोन्हींचा मिळून आणखी राग. शेवटी पट्टी सुटली आणि मी शाळेतल्या बाईसारखी न बोलता नुसतीच बोलले. "आई, तू गेल्यावर मी रोज त्या हाताशी जायचे. हातावर हात धरायचे. मला तू तिथंच हायस असं वाटायचं. ते पुसलं तर मपल्याजवळ लहानपणाचं तुझं कायबी ऱ्हात न्हाई."

आईचा हात थांबला. लसणाची पाकळी तिनं परत ताटलीत टाकली, न सोललेल्यांत.

"भिवरानं सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "म्हनून तर चुना घट्ट कालवायची मी. जोर लावून ठेवायची, पाडव्यापतूर टिकावा म्हनून. बाकीच्या बाया हसायच्या." मांडवात कोणीतरी माइक चालू करून फुंकर मारत होतं. "अन् मी आल्यावर?" ती म्हणाली. "मी आल्यावर काय करायचीस, ध्यानात हाय? भिवराच्या मागं लपायचीस. मी हात केला की तिच्या लुगड्यात तोंड. धा-धा दिस जवळ यायची न्हाईस. निजायचीस तिच्यापाशी. एकदा तिला इचारलंस, ही बाई कवा जाणार. मी चुलीपाशी व्हते, मला ऐकू आलं. तवर जरा वळख पटायची, की परत दसरा. भिंतीवरच्या हाताला हात लावायचीस तू, मपल्याला न्हाई." तिनं भिंतीकडं बघितलं, ती कधी कधी माणसाकडं बघते तसं, डोळे बारीक करून. "सवत हाय ती मपली. तिच्याम्होरं बसून मी म्हातारी झाले."

मी आठवायचा प्रयत्न केला तर लुगड्याचा वास आठवला, आत्याच्या, आणि त्या वासाच्या पलीकडं कोणीतरी उभं असल्याचा अंधार, एवढंच. ते कोणीतरी कधी बोललं नव्हतं. इतकी वर्षं मी दर रविवारी माणसांना बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत भिंतींचे फोटो काढत हिंडले. आईचा एकटीचा फोटो माझ्याजवळ एकही नाही, हे मला तिथं उंबऱ्यावर बसल्यावर कळलं. भिंतीच्या शेकडो फोटोंत दोनचारदा ती कडेला आली होती, हंडा घेऊन, किंवा नुसता पदर, आणि ती कड मी कापून टाकली होती. मी वैतागून तिच्यावर ओरडलेही असेन, आई, मधे येऊ नको म्हणून. नक्की ओरडले असेन. मला बजरंगवर चिडायचं होतं, साहेबांवर, गुलाबी पंजावर, पण ते सगळे आता लांब गेले होते, आणि जवळ फक्त ही लसणाचा वास येणारी बाई होती, जिला एवढी साधी गोष्ट हवी होती आणि जिला ती मागायला बजरंगकडं जावं लागावं अशी वेळ मी आणली होती. एका कोपऱ्यात अजून वाटत होतं की निदान एक दगड तरी ठेवू, एकच, खालचा. ते मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बहुतेक हो म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

मी उठून वाट ओलांडली. लखन बिडी विझवून उभा राहिला. लांब रस्त्यावर हॉर्न वाजत होते, साहेबांच्या गाड्या. "काय करू, ताई?" त्यानं विचारलं. "का साहेब येऊ द्यायचे?"

"पांढरा मारा," मी म्हटलं. "आत्ताच. वर काही काढू नका."

"हात न्हाई काढायचे?"

"नाही."

त्यानं पत्र्याचा पंजा उचलून बादलीमागं ठेवला, ब्रश बुडवला, आणि वरच्या दगडापासून सुरुवात केली. आई केव्हा मागं येऊन उभी राहिली मला कळलं नाही. रंगाचे शिंतोडे उडायला लागले तसं तिनं माझं मनगट धरून मला मागं ओढलं, आणि भिंत पूर्ण होईपर्यंत सोडलं नाही.